फाइल समोर आहे, तरी यंत्र म्हणतं ‘फाइल नाही’!

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. विषय निवडणुकीचा नाही, रस्त्यातल्या खड्ड्यांचाही नाही. पण पैसा तुमचा-माझाच आहे, म्हणून चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा.

गेल्या काही वर्षांत आपल्या गावागावांत छोटे छोटे संगणक येऊन बसलेत. ते संगणकासारखे दिसत नाहीत, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. पाण्याच्या टाकीवरची पातळी मोजणारी पेटी, शाळेतला डिजिटल फळा, रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन, चौकातला कॅमेरा, ग्रामपंचायतीतला वायफायचा डबा. या प्रत्येकाच्या पोटात एक प्रोसेसर असतो आणि त्यावर कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम चालतो. यंत्र बंद पडलं की त्यावर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी लागते. मग धूळ बसते, निर्लेखनाचा कागद फिरतो आणि नव्या खरेदीचा ठराव सभेपुढे येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. चिठ्ठी लावायच्या आधी एक प्रश्न विचारा. यंत्र खरंच बिघडलंय, की त्यावर टाकलेला प्रोग्राम त्या यंत्रासाठी बनलेलाच नाही? बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. पेटी गप्प असते, दिवा लागलेला असतो, आकडा येत नाही. पण पहिल्या बाबतीत नवी पेटी घ्यावी लागते आणि दुसऱ्या बाबतीत फक्त प्रोग्राम नीट बनवून परत पाठवावा लागतो.

आता हा ‘त्या यंत्रासाठी बनलेला नाही’ प्रकार काय, ते सांगतो. तांत्रिक आहे, पण अवघड नाही.

प्रोग्रामर जे लिहितो ते माणसाला वाचता येतं. प्रोसेसरला ते कळत नाही. त्याला कळेल अशा आज्ञांमध्ये त्याचं रूपांतर करावं लागतं, त्या कामाला कंपाइल करणं म्हणतात. गंमत अशी की सगळ्या प्रोसेसरांची भाषा एक नाही. तुमच्या-माझ्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असतो. मोबाइलमध्ये आणि या छोट्या पेट्यांमध्ये बहुतेक एआरएम जातीचा. बऱ्याच जुन्या राउटरांमध्ये मिप्स जातीचा. एकाच्या आज्ञा दुसऱ्याला कळत नाहीत.

छोट्या पेटीची ताकद आणि मेमरी कमी असते. म्हणून मोठा प्रोग्राम तिच्यावरच कंपाइल करत बसत नाहीत. शहरातल्या ऑफिसात, मोठ्या संगणकावर, पेटीच्या भाषेतला प्रोग्राम तयार करतात आणि इंटरनेटवरून किंवा कार्डावर घालून पाठवतात. याला क्रॉस-कंपाइल म्हणतात. म्हणजे काय, तर मुलीचं माप कागदावर लिहून ब्लाउज पुण्याच्या टेलरकडून शिवून आणायचा. शिवणारा एकीकडे, घालणारी दुसरीकडे. यात गैर काहीच नाही. आपल्या मोबाइलमधल्या अ‍ॅपचा मोठा भाग असाच दुसऱ्या संगणकावर तयार होऊन येतो. पण माप लिहिताना एक आकडा चुकला, तर टेलर कितीही चांगला असो, ब्लाउज अंगात जाणार नाही. आणि ट्रायल न घेता डायरेक्ट लग्नाच्या दिवशी पार्सल उघडलं, तर काय होतं ते घरातल्या बायकांना विचारा.

प्रोग्रामचंही तसंच होतं. प्रोग्राम चालला नाही की यंत्र पडद्यावर एक ओळ टाकतं. ही ओळ कुणी वाचत नाही. वाचली तरी तिचा अर्थ सरळ लावतात आणि तिथेच फसतात. नेहमी भेटणाऱ्या ओळी चार-पाचच आहेत.

पहिली ओळ, ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. ही प्रामाणिक ओळ आहे. अर्थ असा की हा प्रोग्राम माझ्या भाषेतलाच नाही. लॅपटॉपसाठी बनलेली फाइल तशीच उचलून एआरएमच्या बोर्डवर टाकली की हेच येतं. यात यंत्राचा काही दोष नाही, त्यानं चक्क खरं सांगितलं.

दुसरी ओळ, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. म्हणजे अशी फाइल नाही. सगळ्यात जास्त माणसं इथे चक्रावतात. कारण फाइल तिथेच असते! यादी काढली तर नाव दिसतं, आकार दिसतो, तारीख दिसते. चालवायला गेलं की म्हणे फाइल नाही.

याचा उलगडा आपल्याला तालुक्याच्या कचेरीत जाऊन लगेच होईल. तुम्ही अर्ज घेऊन खिडकीवर उभे राहता. बाबू म्हणतो, “कागद नाही.” तुम्ही कागद नाचवून दाखवता, “अहो, हा काय हातात आहे!” तो पुन्हा म्हणतो, “कागद नाही.” अर्ध्या तासानं कळतं की त्याला अर्ज मिळालाय, पण अर्जावर ज्याचा उल्लेख आहे तो सोबतचा फेरफार जोडलेला नाही. कुठला कागद नाही, ते सांगायचे कष्ट त्यानं घेतले नाहीत, एवढंच.

लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक प्रोग्रामांच्या आत सुरुवातीलाच एका मदतनिसाचं नाव आणि पत्ता लिहिलेला असतो. मला सुरू करायचं असेल तर आधी याला बोलवा, असं. हा मदतनीस प्रोग्रामला लागणाऱ्या सामायिक लायब्ररी शोधून आणतो. इंग्रजीत त्याला लोडर म्हणतात. ३२ बिटी एआरएमचा लोडर वेगळा, ६४ बिटीचा वेगळा, राउटरवर बऱ्याचदा असणाऱ्या मसल नावाच्या लायब्ररीचा आणखी वेगळा. प्रोग्राममध्ये लिहिलेल्या पत्त्यावर तो लोडर सापडला नाही, की यंत्र म्हणतं फाइल नाही. कुठली फाइल, ते सांगत नाही. आपण समजतो की प्रोग्रामच कॉपी झाला नाही, आणि तीच फाइल दहा वेळा कॉपी करत बसतो.

इथे एक चांगली गोष्टही सांगतो. बॅश नावाचा जो प्रोग्राम आपल्या आज्ञा स्वीकारतो, त्याच्या २०२२ मधल्या ५.२ आवृत्तीपासून ही ओळ बदलली. आता तो म्हणतो की चालवता येत नाही, लागणारी फाइल सापडली नाही. ‘लागणारी’ या एका शब्दानं किती लोकांचे तास वाचले असतील! पण छोट्या पेट्यांमध्ये बऱ्याचदा बॅश नसतं, त्याहून लहान बिझीबॉक्स असतं. ते अजूनही नुसतं ‘नॉट फाउंड’ म्हणून मोकळं होतं.

तिसरी ओळ, ‘ग्लिबसी २.३४ नॉट फाउंड’. ग्लिबसी ही लिनक्सची पायाभूत लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामला लागणारी. तिची २.३४ आवृत्ती ऑगस्ट २०२१ मध्ये आली. उबुंटू २२.०४ मध्ये २.३५ आहे, डेबियन ११ मध्ये २.३१. ऑफिसातल्या नव्या उबुंटूवर बनवलेला प्रोग्राम गावातल्या जुन्या डेबियनवर टाकला, की तो नव्या लायब्ररीसाठी अडून बसतो. जुन्यावर बनवलेला नव्यावर सहसा चालतो, उलटं सहसा होत नाही. म्हणून नियम असा की पेटीत जी आवृत्ती आहे तीच समोर ठेवून प्रोग्राम बनवायचा.

चौथी ओळ, ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’. नाव ऐकून वाटतं आता पोलीस येणार. तसं काही नाही. एकाच जातीच्या प्रोसेसरातही पिढ्या असतात. रास्पबेरी पाय नावाचा छोटा बोर्ड २०१२ मध्ये आला तेव्हा त्यात एआरएमच्या सहाव्या पिढीचा प्रोसेसर होता. डेबियन आणि उबुंटूचं नेहमीचं ३२ बिटी हार्ड-फ्लोट क्रॉस-कंपायलर सातवी पिढी गृहीत धरतं. त्यामुळे भाषा तीच असूनही नातवंडांचे शब्द आजोबांना कळत नाहीत आणि प्रोग्राम धाडकन बंद पडतो. बोर्ड ठणठणीत असतो.

पाचवी ओळ, ‘परमिशन डिनाइड’. पेन ड्राइव्हवरून उचललेल्या फाइलला चालवण्याची परवानगी दिलेली नसते, किंवा ज्या जागेवर ती ठेवली तिथून काहीच चालवू नये असं आधी ठरवलेलं असतं. एका ओळीचं काम आहे.

या पाचांपैकी एकातही यंत्र बिघडलेलं नाही. तरी पाचही वेळा आपल्याकडे शेरा एकच पडतो, ‘मशीन गेलं’.

आता हे मी का लिहितोय ते सांगतो. आपल्या गावातली गोष्ट आहे. टाकीवर पाण्याची पातळी मोजणारी पेटी बसवली होती. ती आकडा मोबाइलवर पाठवायची, आणि पाणी सोडणाऱ्या काकांना पहाटे टाकीवर चढावं लागत नव्हतं. एका सकाळी आकडा यायचा बंद झाला. काका पुन्हा शिडी चढायला लागले. साठीला आलेला माणूस, गुडघे धरलेले, पावसाचे दिवस, शिडीला शेवाळ. एका दिवशी टाकी भरून वाहिली, दुसऱ्या दिवशी वरच्या आळीला पाणीच चढलं नाही. आळीतल्या बायकांनी शिव्या कुणाला दिल्या? काकांना.

पुरवठादाराला फोन लावला. नाव घेत नाही, कारण प्रश्न एका पुरवठादाराचा नाही. त्यांचं उत्तर आलं, “बोर्ड गेलाय. नवीन घ्यावा लागेल. तो देखभाल करारात बसत नाही.” कुणी येऊन बघितलं नव्हतं. सभेच्या विषयपत्रिकेवर नव्या पेटीच्या खरेदीचा विषय चढला. बातमीच्या निमित्तानं मी तो कागद बघितला आणि विचारलं, बोर्ड गेला हे कुणी तपासलं? उत्तर नव्हतं.

आपल्याकडे स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक मुलगा आहे, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला. त्याचं नाव देत नाही, त्यानंच नको म्हटलंय. साहेबांची रीतसर परवानगी घेतली, पाणीपुरवठ्याचे कर्मचारी शेजारी उभे राहिले, आणि त्यानं पेटीला कीबोर्ड आणि पडदा जोडला.

मी विचारलं, “काय रे, गेलाय का बोर्ड?”

तो म्हणाला, “दादा, बोर्ड गेला असता तर हा पडदा लागला असता का?”

मग त्यानं जे केलं ते मी वहीत लिहून घेतलं. आधी हातानं प्रोग्राम सुरू करून बघितला. ओळ आली, नो सच फाइल. मग यादी काढली, फाइल होती. मग ‘फाइल’ याच नावाची आज्ञा त्या प्रोग्रामवर चालवली. ती आज्ञा प्रोग्राम न चालवता त्याची जात सांगते: ६४ बिटी एआरएम, आणि त्याला लागणाऱ्या लोडरचा पत्ता अमुक. त्यानं तो पत्ता उघडून बघितला, तिथे लोडर नव्हता. मग ‘युनेम’ या आज्ञेनं यंत्राला त्याची जात विचारली. यंत्र म्हणालं ६४ बिटी. मला वाटलं, मग जुळतंय की! तो हसला. म्हणाला, “दादा, हा फक्त गाभा बोलतोय. बाकीच्या घराला विचारू.” ‘गेटकॉन्फ’ नावाची आज्ञा दिली, उत्तर आलं ३२.

म्हणजे असं झालं होतं. पेटीच्या सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो एका अपडेटमध्ये ६४ बिटी झाला होता. बाकी सगळं, लायब्ररी, लोडर, ३२ बिटीच राहिलं होतं. अशी जोडी चालते, त्यात चूक काही नाही. पण शहरात बसलेल्या इंजिनिअरनं लांबून जात विचारली असणार, गाभ्यानं ६४ सांगितलं असणार, आणि त्यानं त्या मापाचा प्रोग्राम शिवून पाठवला. गाभ्याला प्रोग्राम ओळखीचा वाटला, म्हणून ‘फॉरमॅट एरर’ आली नाही. लोडर मात्र घरात नव्हता, म्हणून ‘फाइल नाही’.

खात्री करायला त्यानं कार्डावर पडलेला जुना प्रोग्राम हातानं सुरू केला. काकांच्या मोबाइलवर टाकीचा आकडा आला! पुरवठादाराला पडद्याचे दोन फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी नीट बनवलेला प्रोग्राम आला आणि चालला. सोबत पत्र आलं, ‘तांत्रिक अडचण दूर करण्यात आली आहे.’ खरेदीचा विषय गुपचूप मागे घेतला गेला. मुलाला चहा मिळाला.

मला त्या शहरातल्या इंजिनिअरचा राग नाही. गाभा एक सांगतो आणि घर दुसरं, यात कुणीही फसेल. राग दोन गोष्टींचा आहे. पाठवायच्या आधी तो प्रोग्राम तशाच दुसऱ्या पेटीवर एकदाही चालवून बघितला नाही. आणि चालला नाही तेव्हा न बघता बोर्डवर खापर फोडलं, कारण बोर्डचे पैसे गावानं द्यायचे होते.

तशीच दुसरी पेटी जवळ ठेवणं म्हणजे चैन नाही. १९९७ चं उदाहरण घ्या. ४ जुलैला अमेरिकेचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. काही दिवसांतच त्यावरचा संगणक आपोआप पुन्हा पुन्हा सुरू व्हायला लागला. दुरुस्तीला माणूस पाठवायचा प्रश्नच नव्हता. पण पृथ्वीवर प्रयोगशाळेत त्या यंत्राची जुळी प्रतिकृती होती. तिच्यावर इंजिनिअरांनी तोच बिघाड मुद्दाम घडवून आणला, कारण सापडलं, दुरुस्ती लांबूनच पाठवली आणि यान पुढे काम करत राहिलं. बिघाडाचा प्रकार आपल्या पेटीपेक्षा वेगळा होता, तो कामांच्या प्राधान्याचा घोळ होता. पण पद्धत तीच. यंत्र हाताला लागणार नसेल तर त्याची जुळी हाताशी ठेवा. कोट्यवधी किलोमीटरवरच्या यंत्राला जे जमलं, ते दोन-तीन तासांच्या एसटीच्या अंतरावर का जमू नये?

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. नगरपंचायत असो, ग्रामपंचायत असो, शाळा असो, सार्वजनिक पैशातून असं यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाकडे.

१. जुळी पेटी. पुरवठादाराकडे अगदी तीच, त्याच आवृत्तीची एक पेटी असली पाहिजे. कुठलाही नवा प्रोग्राम आधी तिच्यावर चालवायचा, मग गावाला पाठवायचा. हे निविदेतच लिहा. आणि गावातल्या पेटीवर चालल्याशिवाय बिल काढू नका.

२. यंत्राची कुंडली. पेटीच्या दाराच्या आत एक कागद चिकटवा. प्रोसेसर कुठल्या जातीचा आणि पिढीचा, गाभा किती बिटी, बाकी सिस्टिम किती बिटी, ग्लिबसी की मसल आणि कुठली आवृत्ती, प्रोग्राम कुठल्या साधनानं आणि कुठल्या तारखेला बनवला. विजेच्या मोटारीवर पाटी असते की नाही? तशीच ही. अपडेट झालं की कागद बदलायचा.

३. जुना चालणारा प्रोग्राम पुसू नका. नवा सुरू झाला नाही तर पेटीनं आपोआप जुन्यावर परत यावं. हे करणं अवघड नाही. आपल्याकडे तसं केलेलं असतं तर काकांना एकही दिवस शिडी चढावी लागली नसती.

४. बिघाडाची ओळ जशीच्या तशी लिहा. ‘चालत नाही’ ही तक्रार झाली नाही. डॉक्टरकडे जाऊन ‘बरं नाही’ एवढंच सांगतो का आपण? पडद्यावरच्या ओळीचा फोटो काढा, नोंदवहीत तारीख आणि वेळ टाका. वर दिलेल्या पाच ओळींपैकी ती कुठली, हे कळलं तरी अर्धं काम झालं.

५. प्रोग्राम बनवण्याची कृती मागा. या पेट्यांपैकी बऱ्याच पेट्यांत लिनक्स असतं आणि लिनक्सच्या गाभ्याला जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचा परवाना आहे, १९९१ सालचा. तो परवाना सांगतो की तयार प्रोग्राम ज्याला दिला त्याला मूळ लिखाण मिळालं पाहिजे, किंवा निदान तीन वर्षं टिकणारी लेखी हमी तरी. त्या लिखाणात प्रोग्राम कंपाइल करायला आणि बसवायला लागणाऱ्या स्क्रिप्टही येतात. म्हणजे गाभ्यापुरता हा आपला हक्कच आहे, उपकार नाही. पुरवठादारानं स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामला हा हक्क आपोआप लागत नाही, म्हणून त्याचं करारात लिहून घ्यावं लागतं. केंद्र सरकारनं ई-गव्हर्नन्समध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण २०१५ मध्येच आणलंय. ते दाखवून मागा.

६. गावातल्या मुलांना हे शिकवा. आयटीआय आणि पॉलिटेक्निकमध्ये दोन दिवसांची कार्यशाळा पुरे. लॅपटॉपवर प्रोग्राम बनवायचा, छोट्या बोर्डवर टाकायचा, मुद्दाम पाचही प्रकारे बिघडवायचा आणि दुरुस्त करायचा. ‘फाइल’, ‘युनेम’, ‘गेटकॉन्फ’, ‘रीडएल्फ’ या आज्ञा फुकट आहेत. एक इशारा त्यांना जरूर द्या. लायब्ररींची यादी दाखवणारी ‘एलडीडी’ ही आज्ञा परक्या प्रोसेसरच्या प्रोग्रामवर लॅपटॉपवरून चालवली तर ती दिशाभूल करते. असल्या लायब्ररी लागणारा हा प्रोग्रामच नाही, असं सांगून मोकळी होते. तिथे ‘रीडएल्फ’च वापरायची.

आता यावर काय आक्षेप येतील ते मला ठाऊक आहे, काही आलेही आहेत.

एक म्हणतात, “पेटी कुणालाही उघडू दिली तर सुरक्षेचं काय?” बरोबर आहे, कुणालाही देऊ नका. पण वरची सगळी तपासणी नुसती बघण्याची आहे, बदलण्याची नाही. फक्त वाचता येईल असं वेगळं खातं पेटीत ठेवता येतं. परवानगी, नोंद आणि शेजारी जबाबदार माणूस, एवढं पुरे. कुलूप लावून आत काय चाललंय हे मालकालाच कळू न देणं, याला मी सुरक्षा म्हणणार नाही.

दुसरे म्हणतात, “आम्ही क्यूएमूवर तपासतो, जुळी पेटी कशाला?” क्यूएमू म्हणजे एका संगणकावर दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम. उत्तम साधन आहे, वापराच. पण ती नक्कल आहे. नुसते प्रोग्राम चालवायच्या पद्धतीत गाभा लॅपटॉपचाच असतो. शिवाय वेगळं सांगितलं नाही तर नकलेतला प्रोसेसर खऱ्यापेक्षा जास्त शिकलेला असतो, म्हणून ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ तिथे दिसणारच नाही. ती गावात टाकीवर दिसेल.

तिसरे म्हणतात, “सगळं सामान प्रोग्रामच्या आतच बांधून द्या, लोडरची भानगडच नको.” याला स्टॅटिक लिंक करणं म्हणतात. जेवणाचा डबा सोबत घेऊन निघाल्यासारखं. बऱ्याच ठिकाणी हा मार्ग चांगला आहे, दुसरी आणि तिसरी ओळ त्यानं टळते. पण प्रोसेसरची जात किंवा पिढीच चुकली असेल तर डबा कितीही भरलेला असो, उपयोग नाही. आणि आतल्या लायब्ररीत सुरक्षेची त्रुटी निघाली तर सगळा प्रोग्राम नव्यानं बनवावा लागतो. म्हणजे बनवण्याची कृती पुन्हा आपल्या हातात हवीच.

हा प्रश्न उद्या कमी होणार नाही, वाढणार आहे. सरकारनं एप्रिल २०२२ मध्ये रिस्क-फाइव्ह जातीच्या देशी प्रोसेसरांचा कार्यक्रम जाहीर केला. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे त्याच जातीचे. देशी प्रोसेसर यावेत, जरूर यावेत, मला त्याचा आनंदच आहे. पण प्रत्येक नव्या जातीसोबत दुसऱ्या संगणकावर बनवून आणलेले प्रोग्राम येणार, आणि त्याच पाच ओळी पुन्हा पडद्यावर दिसणार. त्या वाचणारा माणूस गावात नसेल तर देशी पेटीवरही ‘नादुरुस्त’ हीच चिठ्ठी लागेल.

मी संगणकवाला नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. पण कागदावर ‘नादुरुस्त’ लिहिलेलं दिसलं की ‘कुणी तपासलं, कसं तपासलं’ हे विचारणं हे माझं कामच आहे. आणि नगरपंचायतीच्या पैशाचे मालक तुम्ही आहात, त्यामुळे ते तुमचंही काम आहे.

पुढच्या सर्वसाधारण सभेच्या आधी या सहा मागण्यांचं निवेदन मी देणार आहे. सोबत येणाऱ्यांनी कमेंटमध्ये नाव लिहा, सह्या घ्यायला मी येतो. तुमच्या गावात, शाळेत, सोसायटीत चिठ्ठी लावून ठेवलेली अशी पेटी असेल तर तिचा आणि जमलं तर पडद्यावरच्या ओळीचा फोटो मला पाठवा. पेटी उघडायच्या भानगडीत स्वतः पडू नका, आधी लेखी परवानगी मागा. नाही मिळाली तर खरेदीचा आणि देखभालीचा कागद माहितीच्या अधिकारात मागा, अर्ज कसा लिहायचा ते मी सांगतो.

पोस्ट शेअर करा, कॉपी-पेस्ट केली तरी चालेल, माझं नाव नसलं तरी हरकत नाही. फक्त त्या पाच ओळी आणि सहा मागण्या कापू नका.